‘आई’ म्हणजे हो

ऑक्टोबर लागला की मला अजून भीती वाटते. खरं तर आता घाबरण्यासारखं काही उरलेलं नाही. मला रिटायर होऊनही बरीच वर्षं झाली. शिकागोजवळ नेपरव्हिलमधल्या याच घरात आम्ही नवराबायको बऱ्यापैकी सुखात म्हातारे होतोय. पण समोरच्या घरापुढचा मेपल लाल व्हायला लागला, शेजारच्यांच्या पायऱ्यांवर भोपळे येऊन बसले, की लोक फोटो काढतात आणि मी मनातल्या मनात आकडे म्हणायला लागते. ब्याण्णव, शंभर, एकशे आठ, एकशे सतरा. दात घासताना, भाजी चिरताना, गाडी रिव्हर्स घेताना. ह्यांनी एकदा विचारलं, “मंत्र म्हणतेस काय?” मी हो म्हटलं. बाकीचं सांगत बसायची गरज नव्हतीच, त्यांना सगळं माहीत आहे.

शनिवारी सकाळी नातीची, रियाची, सॉकरची मॅच असते. बाकीच्या आज्या बॉल बघतात, मी गुडघे बघते. कुणाचं पाऊल रोवलं गेलं आणि अंग वळलं की माझा चेहरा आक्रसतो. रिया नऊ वर्षांची आहे आणि माझ्यासारखीच फटकळ. “आज्जी, स्टॉप डूइंग दॅट फेस. इट्स जस्ट अ गेम.” मी म्हणते, बरं बाई. पण जस्ट अ गेम असं ज्या घरात कुणी म्हणूच शकत नाही, तशा एका घरात मी वाढले आणि तशा दुसऱ्या घरातल्या माणसाचा गुडघा एका ऑक्टोबरात माझ्या हातात होता. त्यामुळे हा चेहरा आता जायचा नाही.

आमचं घर सांगलीचं. वडील खो-खोचे पंच, थोरला भाऊ जिल्ह्याच्या संघात, बहीण शाळेची कप्तान. आमच्याकडे पानं मांडल्यावर आधी विचारलं जायचं ते किती मिनिटं टिकलास, आणि आमटी त्यानंतर. मी सलग तीन वर्षं राखीव खेळाडू होते. राखीव खेळाडूला काम एकच, खांबाला झोंबताना ज्यांचे गुडघे सोलून निघतात त्यांना हळद आणि पट्टी लावणं. ते मी इतक्या मन लावून केलं की पुढे फिजिओथेरपीलाच गेले. वडिलांनी पाहुण्यांना माझी ओळख करून देताना “ही आमची पट्टीवाली” असं म्हणायचं चालू ठेवलं. त्यात प्रेम होतं, हे मला चाळिशीनंतर कळलं. तेव्हा फक्त झोंबायचं.

ऐंशीच्या दशकाच्या मध्याची गोष्ट. लग्न करून इथे येऊन मला दोन वर्षं झाली होती. हे शिकागोच्या ऑफिसला पहाटेच्या ट्रेननं जायचे, मी एका छोट्याशा क्लिनिकमध्ये नोकरीला लागले होते. माझं लायसन्स तात्पुरतं होतं. परीक्षा पास झाले होते, पण पक्का कागद यायचा होता आणि तोवर माझ्या नावावर एक तक्रार जरी गेली असती तरी सगळं मुसळ केरात. म्हणून मी अंग चोरून काम करायची. पेशंट काय म्हणतो ते अर्धं कळलं नाही तरी मान हलवायची. मिडवेस्टचं इंग्रजी कानावर बसायला लागलं होतं, तेवढ्यात ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात डगल आला.

डगल स्कॉटलंडचा. धंद्यानं फुटबॉलपटू, इथल्या भाषेत सॉकरवाला. इथल्या एका क्लबानं त्याला चार वर्षांपूर्वी बोलावून घेतलं होतं आणि आता ती अख्खी लीगच बुडत चालली होती. त्यातच त्याच्या उजव्या गुडघ्याचं लिगामेंट फाटलं. ऑपरेशन झालं, सहा आठवडे प्लास्टर, आणि प्लास्टर काढलं तेव्हा गुडघा वाकेनासा झाला. ऐंशी अंश. एवढ्या गुडघ्यावर माणूस खुर्चीत बसतो, पण जिना त्याला आडवं वळून उतरावा लागतो. पुढच्या आयुष्याची त्याची एकच वाट उघडी होती. तीन तासांवरच्या एका गावात इनडोअर टीम होती. बर्फाच्या रिंकवर गालिचा अंथरून, चारी बाजूंनी फळ्या लावून हे लोक आत खेळतात. तिथला कोच त्याच्या मोठ्या भावाला ओळखायचा. त्यानं ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारपर्यंत एक जागा अडवून ठेवली होती. अट एवढीच, की गुडघा एकशेतीस अंश वाकतो, खेळायला हरकत नाही, असा कागद घेऊन ये. कागद नाही तर करार नाही, करार नाही तर व्हिसा नाही, आणि व्हिसा नाही तर नाताळाच्या आत सामान बांधून परत.

परत जाण्यात काय वाईट, असं मी त्याला एकदा बावळटासारखं विचारलं होतं. तेव्हा त्यानं घर सांगितलं. आजोबा गोलकीपर. वडील पंधरा वर्षं एकाच क्लबात डिफेन्सला, गावात त्यांच्याशी अजून लोक थांबून हात मिळवतात. दोन्ही भाऊ खेळणारे, बहीण हर्डल्स पळणारी. आई हॉकी खेळायची. “आमच्या घरात दारामागे कोट टांगायला जागा नाही, सगळे बूटच आहेत,” तो म्हणाला. आणि या घराला त्यानं सांगितलं होतं की गुडघा थोडा मुरगळला होता, आता छान आहे, टीममध्ये माझी जागा ठरल्यातच जमा आहे. दर रविवारी फोनवर तो हेच सांगायचा. वडील फोनवर येऊन “खेळलास?” एवढंच विचारायचे आणि रिसीव्हर आईकडे द्यायचे.

हे ऐकताना मला सांगलीचं आमचं जेवणघर दिसत होतं.  गरम पॅक त्याच्या मांडीवर ठेवले आणि घड्याळ लावलं.

ते क्लिनिक मला आजही नाकानं आठवतं. गरम पॅकच्या टाकीतून येणारी ओल्या कापडाची वाफ, मालकीणबाई मार्लीनची दिवसभर उकळून कडू झालेली कॉफी आणि डगल स्वतः घरून चोळून यायचा त्या मलमाचा झणका. खिडकीबाहेर एक ऐसपैस पार्किंग लॉट आणि त्याच्या कडेला तीन मेपल. मी पालथ्या झोपलेल्या डगलच्या घोट्याला धरून पाय मागे वाकवायची, एका जागी तो अडायचा, आणि मग तिथून पुढचा प्रत्येक अंश भांडून घ्यावा लागायचा. हे काम दयेनं होत नाही. पेशंटला दुखणार, त्यानं ओरडायचं, आपण थोडं थांबायचं आणि परत दाबायचं. पण किती दाबायचं हे पेशंटच सांगतो, म्हणून मी दर वेळी विचारायची, “मोअर?”

आणि डगल दात आवळून म्हणायचा, “आऽऽई.”

मी लगेच हात सैल सोडायची.

आता हसू येतं, पण तेव्हा मला भरून यायचं. सहा फुटी, लाल केसांचा, नाक दोनदा मोडलेला हा माणूस दुखलं की आईला हाक मारतो! मी घरी येऊन ह्यांना सांगितलंसुद्धा, “अहो, जगात कुठेही जा, कळ आली की माणसाला आईच आठवते.” हे म्हणाले, “अगं पण ते लोक मॉम म्हणतात ना?” मी म्हटलं, स्कॉटलंडमध्ये वेगळं असेल. एवढ्यावर विषय संपला. वास्तविक एरवी बोलतानाही त्याच्या तोंडात तो शब्द होताच. “आज थंडी आहे, नाही?” म्हटलं की तो म्हणायचा, “आय.” मला वाटायचं, ‘आय’ म्हणजे ‘मी’ म्हणून यानं वाक्य सुरू केलंय, आता पुढचं बोलेल. मी वाट बघत उभी राहायची. तोही माझ्याकडे बघत राहायचा. असे कितीतरी वेळा आम्ही दोघं एकमेकांकडे सभ्यपणे बघत उभे होतो.

चार आठवडे असे गेले. आठवड्यातले चार दिवस, दर दिवशी पाऊण तास. गोनिओमीटर म्हणजे आमची कोन मोजायची पट्टी, दोन दांड्यांची. ती गुडघ्याला लावली की आकडा दिसतो. सप्टेंबर संपता संपता मी ती लावली आणि आकडा दोनदा वाचला. ब्याण्णव. चार आठवड्यांत फक्त बारा अंश. आमच्या क्लिनिकच्या डॉक्टरांनी चष्म्यावरून बघत विचारलं, “मिसेस पाटणकर, तुम्ही दाबताय ना नक्की?” मी म्हटलं, पेशंट जेवढं सोसतो तेवढं दाबतेय.

ते ऐकून टेबलावरचा डगल कोपरावर उठला. त्याच्या मानेवरच्या शिरा ताठल्या होत्या. “जेवढं सोसतो?” तो म्हणाला. तो इंग्रजीत ‘यू’च म्हणायचा, पण त्याच्या बोलण्यातली अदब अशी होती की मला ते कायम ‘तुम्ही’ असंच ऐकू यायचं, त्या दिवशीसुद्धा. “मी रोज म्हणतो, अजून दाबा. तुम्ही रोज सोडून देता. मला वाटलं, ही तुमची काहीतरी पद्धत असेल. आमच्याकडे फिजिओला उलट प्रश्न विचारत नाहीत.”

“तू कधी म्हणालास, अजून दाबा?”

“दर वेळी! तुम्ही विचारता, अजून? मी म्हणतो, आय!”

“आई?”

“आय! येस! हो!”

डॉक्टर दुसऱ्या पेशंटकडे निघून गेले होते. मी पट्टी हातात धरून उभी. मग मी त्याला सांगितलं, की माझ्या भाषेत त्या शब्दाचा अर्थ काय होतो. तो आधी बघत राहिला आणि मग असा हसत सुटला की टेबल हलायला लागलं. “म्हणजे चार आठवडे मी इथे पडून आईला हाका मारत होतो?” त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मीही हसले. मार्लीन दारातून डोकावून गेली. आणि मग हसता हसता त्याची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेली आणि तो थांबला. चार आठवडे. ऑपरेशननंतर आतली जखम भरताना जाळी धरते, ती सुरुवातीला मऊ असते, नंतर दोरीसारखी होते. मऊ असायचे दिवस आम्ही दोघांनी मिळून घालवले होते, मी दयेत आणि तो शिस्तीत.

त्यानं तक्रार केली नाही. करायला हवी होती. फक्त पालथा झाला आणि म्हणाला, “दाबा.”

त्यानंतरचे चार आठवडे मी नीट झोपले नाही. मी दाबायची, तो टेबलाची कड धरायचा, कधीकधी त्या कडेचं रेक्झिन त्याच्या नखांत यायचं. आता आम्ही दोघांनी ठरवून आकडे वापरायला सुरुवात केली होती. दुखणं एक ते दहा. तो आठ म्हणाला की मी थोडी थांबायची, नऊ म्हणाला की सोडायची. तो नऊ कधीच म्हणाला नाही. बाहेरच्या मेपलची पानं रोज कमी व्हायची आणि आतला आकडा रोज एखाददुसऱ्यानं वाढायचा, आणि मला वाटायचं, हे झाड आधी रिकामं होणार की आमचं काम आधी होणार. शंभर झाले. एकशे आठ झाले. त्या दिवशी त्यानं मार्लीनची कडू कॉफी दोन कप प्यायली. मग तीन दिवस आकडा पुढे सरकेना. एकशे आठ, एकशे आठ, एकशे सात. सात आला त्या दिवशी तो बूट घालायला खाली बसला आणि बराच वेळ नाडीच बांधत राहिला. पुढच्या आठवड्यात मात्र एकशे सतरा झाले.

घरी मी कणीक मळताना अंगठ्यानं दाबून बघायची, किती जोर लागतो. हे म्हणायचे, “अगं, पोळ्या आहेत त्या, गुडघे नव्हेत.” ह्यांचा स्वभाव विषय हलका करण्याचा. त्या महिन्यात मला तोही सोसवत नव्हता. मी त्यांना फाडकन बोलले की एका माणसाचं आयुष्य माझ्या कानामुळे बरबाद होतंय आणि तुम्हाला पोळ्या सुचतायत. हे भांडी घासायला उठले. त्यांचं चुकलं नव्हतं काहीच.

शेवटचा गुरुवार. एकशेचोवीस.

पुन्हा मोजलं, एकशेचोवीस. त्याला अर्धा तास सायकल मारायला लावली, गरम पॅक दिले, परत मोजलं. पट्टी तिथेच. सहा अंश कमी. डॉक्टर स्पष्ट म्हणाले होते, “तुम्ही लिहाल तो आकडा. मी त्याखाली सही करतो.” म्हणजे लिहिणारी मीच.

डगल उठून बसला. खोलीत आम्ही दोघंच. तो हळू आवाजात म्हणाला, “त्या पट्टीत चार-पाच अंशांची चूक होऊ शकते, असं तुम्हीच मला सांगितलं होतं.”

“हो.”

“मग तुमचा हात थोडा इकडे सरकला असं समजा. एकशेतीस. कुणाला कळणार आहे? आणि मिसेस पाटणकर...” तो अडखळला. “ते चार आठवडे माझ्यामुळे नाही गेले.”

हे तो बोलणार हे मला महिनाभर माहीत होतं आणि तरी ते ऐकून माझे कान तापले. कारण ते खरं होतं. मी त्याला उद्या ये म्हटलं आणि कोट न घालताच पार्किंग लॉटमध्ये जाऊन उभी राहिले.

संध्याकाळी ह्यांच्यापुढे मांडलं. हे इंजिनियर माणूस. “सहा डिग्रीत काय जातं? लिहून टाक एकशेतीस,” असं म्हणाले. मी म्हटलं, गालिच्याखाली बर्फ आहे, कडेला फळ्या आहेत, पूर्ण न वाकणारा पाय घेऊन तो फळीवर आदळला तर परत चालेल की नाही सांगता येत नाही. तेव्हा हे म्हणाले, “मग एकशेचोवीस लिही. नियमात बस.” मी म्हटलं, तेही पुरं खरं नाही. गुडघा कमी पडलेला नाही, मी कमी पडले. तसं लिहायला हवं. त्यावर मात्र ह्यांचा चेहरा उतरला. “कागदावर? स्वतःच्या सहीनं? अगं तुझं लायसन्स अजून यायचंय. इथे लोक केस करतात. उद्या कॅन्सल केलं तर?”  बाहेर कुणीतरी पानं गोळा करत होतं, त्या दाताळ्याचा खरखर आवाज येत होता.

वडिलांची मला त्या वेळी आठवण झाली, खोटं कशाला सांगू. त्यांना मी मैदानावर शेकडो वेळा बघितलं होतं. त्यांनी एकदा चुकीची शिट्टी मारली होती, आमच्याच शाळेच्या विरुद्ध, आणि लगेच हात वर करून सगळ्यांसमोर म्हणाले होते, “माझी चूक.” लोकांनी हुर्यो केली. घरी आल्यावर ते नेहमीइतकंच जेवले. लहानपणी मला त्या प्रसंगाची लाज वाटायची.

शुक्रवारी मी लिहिलं. गुडघा एकशेचोवीस अंश वाकतो. त्याखाली लिहिलं, की या रुग्णाचे पहिले चार आठवडे फिजिओथेरपिस्टला त्याच्या एका शब्दाचा अर्थ चुकीचा समजल्यामुळे वाया गेले आहेत, त्यात रुग्णाचा आणि गुडघ्याचा दोष नाही, आणखी चार आठवडे मिळाल्यास एकशेतीस होतील असं माझं मत आहे. माझं पूर्ण नाव घातलं. डॉक्टरांनी ते दोनदा वाचलं. “हे खरंच पाठवायचंय?” मी हो म्हटलं. त्यांनी सही केली आणि पाकीट चिकटवून माझ्याकडे दिलं. त्या लायसन्सचं सांगून टाकते, डिसेंबरात ते मुकाट पोस्टानं आलं. त्या ओळीबद्दल मला आजतागायत कुणी विचारलेलं नाही. सुटल्यासारखं वाटलं आणि थोडा अपमानही झाला.

पाकीट मी डगलच्या हातात दिलं आणि आत काय आहे ते सांगितलं. चिकटवलेलं पाकीट हातात देऊन गप्प बसणं मला जमलं नसतं. तो पांढरा पडला. “माझं सगळं आयुष्य तुम्ही सहा अंशांत मोजलंत,” एवढंच म्हणाला आणि गेला. खिडकीतून मी बघत होते. गाडीत बसताना त्यानं उजवा पाय हातानं उचलून आत घेतला. ते पाकीट त्यानं वाटेत फाडून फेकावं असं मला वाटत होतं आणि फेकू नये असंही वाटत होतं. शनिवारचा दिवस मी कसा काढला ते मला आठवत नाही. घर मात्र चकचकीत झालं होतं.

रविवारी दुपारी मी चकल्या करायला घेतल्या होत्या. दिवाळी तोंडावर होती. दाराची बेल वाजली, ह्यांनी उघडलं. डगल दारात उभा. इस्त्रीचा शर्ट, ओले केस.

“त्यांनी वाचलं,” तो म्हणाला. “मॅनेजरनं मोठ्यानं वाचून दाखवलं. हसले सगळे. नंतर कोच म्हणाला, माणसं चांगली दिसतात ही, पण दहा दिवसांत आमचा सीझन सुरू होतोय. दुसऱ्याला घेतलं त्यांनी.”

माझ्या हातांना कोपरापर्यंत पीठ. मी विचारलं, “तू ते फाडून का नाही टाकलंस?”

“गाडी दोनदा थांबवली होती फाडायला.” तो पायपुसण्याकडे बघत होता. “पण त्यात तुमचं नाव होतं. मी चार महिने सगळ्यांना खोटं सांगतोय. खरं लिहिलेला तेवढा एकच कागद होता माझ्याजवळ.” मग त्यानं मान वर केली. “तुमचा फोन वापरू का? माझी घरमालकीण शेजारी बसून असते. तिच्यासमोर नाही बोलता येणार मला.”

आमचा फोन स्वयंपाकघरात, भिंतीवर. तिकडे स्कॉटलंडात संध्याकाळ होती, घरात सगळे रविवारच्या फोनची वाट बघत असणार. ह्यांनी गॅस बारीक केला. आम्ही बाहेर जायला निघालो तर डगलनं हातानंच थांबा म्हटलं. वडीलच फोनवर आले होते. नेहमीचा प्रश्न आला असावा, कारण हा म्हणाला, “नाही. नाही खेळलो.” मग तो सलग बोलला. ऑपरेशन, प्लास्टर, ब्याण्णव, एकशेचोवीस, सगळं. त्यातलं निम्मं मला कळलं. त्याचा मोकळा हात आमच्या ओट्याच्या कडेवर होता, टेबलाची कड धरायचा तसाच घट्ट.

बोलणं संपलं. पलीकडे काही आवाज नाही. इतका वेळ गेला की मला वाटलं, लाइन कट झाली. ह्यांनी माझ्याकडे बघितलं.

मग डगलनं रिसीव्हर छातीशी धरला. त्याचा चेहरा विचित्र झाला होता. “ते विचारतायत,” तो म्हणाला, “त्यांचा किती असेल.”

“कोणाचा?”

“त्यांचा गुडघा. तो अंश कसा मोजतात ते विचारतायत.”

माझे हात पिठाचे, म्हणून ह्यांनी येऊन रिसीव्हर माझ्या कानाला लावून धरला. मी जमेल तेवढं स्वच्छ इंग्रजी बोलले. जमिनीवर पालथे झोपा म्हटलं. टाच मागे ओढा, जेवढी येईल तेवढीच, जोर करू नका. आता घरातल्या कुणालातरी टाच आणि कुल्ला यांच्यामधलं अंतर हातानं मोजायला सांगा, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, आमच्यात त्याला वीत म्हणतात. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग एका म्हाताऱ्या माणसाचं जमिनीवर बसतानाचं कण्हणं. बाईचा आवाज काहीतरी विचारत होता. बऱ्याच वेळानं तीच फोनवर आली. “तीन. आणि अर्धी,” ती म्हणाली.

साडेतीन वीत. मी मनात हिशेब केला. एवढ्या गुडघ्यावर माणूस जिना सरळ उतरूच शकत नाही. “साठ,” मी म्हटलं. “पासष्ट असेल फार तर.”

ह्यांनी रिसीव्हर डगलला दिला. तो ऐकत होता, आणि मधूनमधून आम्हाला सांगत होता. “ते म्हणतायत, सत्ताविसाव्या वर्षापासून आखडत गेलाय. त्यानंतर दहा वर्षं खेळले त्याच्यावर. पट्ट्या बांधून. क्लबला सांगितलं नाही. एवढा वाईट आहे हे आईलाही आज कळलं, आत्ता, मोजताना.” त्यानं रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. “विचारतायत, आता काही होईल का?”

चाळीस वर्षं आखडलेल्या गुडघ्याचं काही होत नाही. हे मला माहीत होतं, आणि शुक्रवारी खरं लिहिणारी मी रविवारी त्या माणसाला काय सांगू हे मला कळेना. कढईतलं तेल तापून धूर यायला लागला, ह्यांनी गॅस बंद केला.

“वाकणार नाही फारसा,” मी म्हटलं. “पण कळ कमी होईल. रोज दहा मिनिटं, गरम कापडानं शेकून, मी सांगते तसं. आणि त्यांना सांग, दुखलं की तोंडानं दुखतंय म्हणायचं. ते व्यायामातलंच आहे.”

डगलनं ते सांगितलं. मग तो आमच्या फ्रिजला पाठ टेकून, तो पाय लांब करून खाली फरशीवर बसला आणि बराच वेळ नुसता ऐकत राहिला. त्याचे वडील बोलत होते.